गव्हाच्या पेंढीचा ब्रॅकेट

ती दर्शनी बाजू मला पहिल्या नजरेत आवडली, म्हणूनच मी तिला पोटभर नावं ठेवली.

वॉटरफोर्डला नदीच्या धक्क्याकडून आत शिरणाऱ्या एका गल्लीत ती तीनमजली इमारत होती. कित्येक वर्षं बंद. वरच्या मजल्यांना वरखाली सरकणाऱ्या खिडक्या आणि खाली दुकान. पूर्वी तिथं बियाणं आणि धान्य विकत असत. दुकानाचं सगळं तोंड लाकडाचं होतं. दोन्ही टोकांना उभ्या खोबणी पाडलेले चपटे खांब, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर गव्हाच्या ओंब्यांची पेंढी कोरलेला एक ब्रॅकेट, दोन्ही ब्रॅकेटच्या मध्ये लांबलचक पाटी, आणि खाली बारीक दांड्यांनी विभागलेल्या काचा. रंगावर रंग चढवून ओंब्यांना सूज आली होती. तरीही दाणे कळत होते. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून पाहिलं आणि ठरवलं, माझ्या दुकानाला हेच तोंड हवं.

मला जागेची निकड होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवऱ्यामागून मी या गावात आले. हे इथल्या मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये. मी आधी घरच्या ओट्यावर मसाले कुटून नर्सबायकांना विकले, मग बसस्टॉपमागे एक गाळा भाड्यानं घेतला. डाळी, पिठं, लोणची, सणावाराला चकल्या. युरो येऊन दोनतीन वर्षं झाली होती. जिकडेतिकडे क्रेन उभ्या होत्या, आणि माझ्या गाळ्याच्या मालकाला तो पाडून फ्लॅट बांधायचे होते. ख्रिसमसपर्यंत जागा सोडा म्हणाला. म्हणजे तोवर दुसरं दुकान मिळालं नाही, तर मी पुन्हा ओट्यावर.

घासाघीस मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझे वडील कराडला जुनी ऑइल इंजिनं घ्यायचे आणि विकायचे. त्यांच्याबरोबर मी लहानपणी खूप हिंडले. जे इंजिन हवं असेल त्याच्याकडे ते सगळ्यात शेवटी वळायचे, आणि वळले की त्याला शिव्या घालायचे. हे भंगार आहे, ह्याला तडा गेलाय, हे फुकट दिलंस तरी वाहून न्यायचा खर्च माझ्या बोकांडी. विकणाराही ते ऐकताना मान डोलवायचा, कारण त्यालाही कळायचं की गिऱ्हाईक आता घेणार. आवडलं नसतं तर एवढं बोलला कशाला असता?

इमारतीचा मालक सत्तरीचा होता. डोक्यावर चपटी टोपी, गालांवर लाल शिरा. त्याच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्या गुरांचा व्यापार, आणि ही इमारत त्याला चुलत्याकडून मिळालेली. बरोबर सुटातला एक पोरगेलासा एजंट होता. मी हातातली किल्ली खांबाला टोचली.

"हे कुजलंय."

"शंभर वर्षांच्या वर उभं आहे, मिसेस," म्हातारा म्हणाला. "कुजायला फार उशीर केला म्हणायचा."

"हे सगळं उचकटून फेकावं लागेल. तो खर्च कोण करणार? आणि ती वरची पेंढी बघा. गवताचा भारा वाटतोय."

"तुम्ही घ्यायला आलाय की रडायला?"

"रडायलाच आलेय. भिंतीला ओल, खिडक्या खुळखुळतात, आणि हे कुजकं लाकूड."

एजंट कावराबावरा होऊन वहीत काहीतरी लिहीत होता. म्हातारा मात्र मजेत होता. त्याचे डोळे मी तेव्हाच पाहून ठेवले होते. तासभर आम्ही असे भांडलो की शेजारच्या सलूनमधली बाई दारात येऊन उभी राहिली. शेवटी भाव ठरला तेव्हा म्हाताऱ्यानं तळहातावर थुंकल्यासारखं केलं, माझ्या हातावर टाळी मारली, आणि खिशातून एक नोट काढून मला दिली. विकणाऱ्यानं घेणाऱ्याला शुभ म्हणून थोडे पैसे परत द्यायचे, ही त्यांच्या गुरांच्या बाजारातली रीत. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे बैलबाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, म्हणजे बाजूच्याला पत्ता लागत नाही. हे ऐकून तो खोकला येईपर्यंत हसला.

"रुमालाखाली! म्हणजे तुम्ही माझ्याहून बदमाश आहात, मिसेस."

हे मी मुद्दाम सांगतेय. त्या दिवशी त्या माणसाला पुरतं कळलं होतं की मी घासाघीस करतेय. यात कुणी शंका काढू नये.

करारावर सह्या झाल्या, विसार दिला. उरलेली रक्कम आणि ताबा महिनाभरानं. इमारत कौन्सिलच्या जतन-यादीत होती, म्हणजे तिच्या एका खिळ्यालाही विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मला ते माहीत होतं आणि चालणार होतं. मला हात कुठं लावायचा होता? मला ते आहे तसं हवं होतं.

ताब्याच्या आधी मी फळ्यांसाठी आतून माप घ्यायला गेले. गल्लीत वळले आणि पाय थबकले. दुकानाच्या तोंडावर इकडून तिकडे प्लायवूड ठोकलेलं होतं. खांब नाहीत, पाटी नाही, ब्रॅकेट नाहीत. दात काढलेल्या माणसाच्या जबड्यासारखं दिसत होतं.

मी तिथूनच म्हाताऱ्याला फोन लावला.

"अहो, काय केलंत हे?"

"ते होय? तुमच्यासाठी केलं, मिसेस. कुजलंय म्हणत होतात ना? म्हटलं तुम्हाला खर्च नको. स्किपमध्ये टाकून दिलं." स्किप म्हणजे मोडतोडीचा कचरा भरायची मोठी लोखंडी पेटी.

"कुणाला विचारून?"

"तुम्हीच म्हणालात, उचकटून फेकायला हवं. एजंटनं लिहूनसुद्धा घेतलंय."

मी फोनवर जे बोलले त्यातलं बरंचसं मराठीत होतं.

मग मी डोकं थंड केलं आणि भिंत नीट पाहिली. भिंत आणि लाकूड जिथं भेटत होतं तिथल्या रंगावर उभी सरळ रेघ होती, पातं फिरवून कापल्यासारखी. फेकायच्या लाकडाचा रंग कोण असा कापतं? पहार घालून ओढतात, चुन्याचे पोपडे निघतात, विटांचे टवके उडतात. इथं एक टवका नव्हता. भिंतीतली स्क्रूची भोकंसुद्धा शाबूत होती. त्या काळात जुन्या आयरिश दुकानांची तोंडं काढून देशोदेशीच्या पबांना लावायचं पेव फुटलं होतं. माझा दीर डब्लिनला सँडीफोर्डच्या एका ऑफिसात होता. तिथं त्यानं आम्हाला जेवायला नेलं तेव्हा नव्याकोऱ्या काचेच्या इमारतीतल्या हॉटेलात एका जुन्या औषधांच्या दुकानाचे ड्रॉवर भिंतीला लावलेले मी स्वतः पाहिले होते. ते उघडतही नव्हते. माझ्या पेंढ्या कुठल्या तरी बिअरच्या नळांवर लटकणार, हे मला तिथंच दिसलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "अगं, त्याचा खरंच गैरसमज झाला असेल. हे लोक शब्दशः घेतात."

"गैरसमज? गुरांचा व्यापारी आहे तो!"

"मग?"

"मग काय? बाजारात गाय घ्यायला आलेला माणूस तिला देखणी म्हणतो का?"

"मला काय माहीत? मी कधी गाय घेतली नाही."

यांचं हे असं. मी रात्रंदिवस एकेकावर संशय घेत बसले. एजंटवर, कारण त्यानं नेमकं तेवढंच वाक्य लिहून घेतलं होतं. वकिलावर, कारण तो म्हाताऱ्याच्या वकिलाला पहिल्या नावानं हाक मारायचा. सलूनवालीवर, कारण तिची खुर्ची थेट रस्त्याकडे तोंड करून आणि तरी तिनं म्हणे काही पाहिलं नव्हतं. "मी हेअर ड्रायर चालवत होते," म्हणाली. तीन खांबी दर्शनी बाजू उतरेपर्यंत कुणाचे केस वाळवत होती, ते नाही सांगितलं. खांब दोनच होते म्हणा. रागात आकडे फुगतात.

पेच असा होता की मी सौदा मोडू शकत नव्हते. मोडला तर ख्रिसमसला दुकान बंद. कौन्सिलकडे तक्रार केली तर म्हातारा अडकला असता हे खरं, पण त्याच्याबरोबर इमारतही चौकशीत अडकली असती, आणि मीही. आणि गप्प बसून ताबा घेतला, तर जतन-यादीतली दर्शनी बाजू गायब असलेल्या इमारतीची मालकीण मी. उद्या कुणी विचारलं तर उत्तर मी द्यायचं. म्हाताऱ्यानं हे सगळं ताडलं होतं. ज्या जागी मी त्याला पकडायचं, तिथं त्यानं मला बांधून ठेवलं होतं.

म्हणून मी कौन्सिलच्या वारसा पाहणाऱ्या बाईंना फोन केला, पण तक्रार केली नाही. मी इमारत घेतेय, दुरुस्तीबद्दल सल्ला हवाय, येऊन जाल का, एवढंच. त्या खूश झाल्या. पुढच्या शनिवारी सकाळी येते म्हणाल्या, मला त्या बाजूला यायचंच आहे.

मग मी म्हाताऱ्याच्या घरी गेले. शहराबाहेर त्याचं शेत होतं, अंगणात चिखल, एका बाजूला पत्र्याचा लांब गोठा. तो गोठ्याच्या दाराला कुलूप घालत होता. गुरं कुरणात असताना गोठ्याला कुलूप! हेही मी लक्षात ठेवलं.

"शनिवारी वारसावाल्या बाई दुकान बघायला येतायत," मी म्हटलं.

"कशाला?"

"मीच बोलावलंय. दर्शनी बाजू कशी दुरुस्त करायची ते विचारायला."

त्यानं टोपी मागं सरकवली. "तुम्ही त्यांना काय सांगणार?"

"तुम्ही मला सांगितलंत तेच. मी कुजलंय म्हटलं, तुम्ही माझ्यावरच्या प्रेमापोटी फेकलंत."

"पण म्हणाला तर होतातच."

"म्हणाले. तुमच्या वडिलांच्या गाईला बाजारात कुणी लंगडी म्हटलं, तर वडील तिला घरी येताना खाटकाकडे सोडायचे का?"

त्यानं गोठ्याचं कुलूप एकदा ओढून बघितलं. मग त्याच्या गालांवरच्या शिरा हलल्या.

"नाही," तो म्हणाला. "माझे वडील तिची किंमत वाढवायचे."

एवढाच काय तो त्याचा कबुलीजबाब. बाकी जन्मभरात त्याच्या तोंडून काही निघालं नाही.

"त्या स्किपवाल्याला विचारून बघतो," तो म्हणाला. "कधीकधी ते लोक चांगलं लाकूड बाजूला ठेवतात."

"विचारा. शनिवारच्या आत."

शनिवारी सकाळी गुरं न्यायचा ट्रेलर गल्लीत उलटा शिरला. आत घोंगड्यांमध्ये गुंडाळून, पेंढ्यावर निजवून, माझी दर्शनी बाजू आली होती. शेणाचा वास येत होता. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूनं आकडा घातलेला, पुन्हा जोडताना चुकू नये म्हणून. स्किपमध्ये फेकलेल्या लाकडावर आकडे! मी तो खडू म्हाताऱ्याला बोटानं दाखवला. त्यानं आकाशाकडे पाहिलं आणि पाऊस येणार म्हणाला.

आम्ही तुकडे फुटपाथवर उतरवले. दोन खांब आले, पाटी आली, दांड्या आल्या, डावा ब्रॅकेट आला.

"उजवा कुठाय?"

"एकच होता."

"दोन होते!"

"मग दुसरा खरंच कुजला असेल, मिसेस."

मी त्याला काय म्हटलं ते इथं लिहिता येत नाही. हे मध्ये पडले, "अगं, लोक बघतायत." बघू देत. सलूनवाली तर दार उघडून बघत होती. आता तिचा हेअर ड्रायर बंद होता. तेवढ्यात वारसावाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात भिंग लटकवलेलं. त्यांनी खाली बसून खडूचे आकडे पाहिले, एक खांब उलटासुलटा केला, आणि चेहरा उजळून विचारलं, "इतकं जपून कुणी उतरवलं?"

म्हाताऱ्यानं टोपी काढली. "काम म्हटलं की जपूनच करावं लागतं, मॅडम."

"परवानगी घ्यायला हवी होती, पण दुरुस्तीसाठी असं उतरवणारे लोक दुर्मीळ झालेत."

तेव्हा खरं बोलले असते तर हाती आलेली दर्शनी बाजू चौकशीत अडकली असती. त्या क्षणी माझ्या नाकासमोर त्याला शाबासकी मिळाली आणि मला ती गिळावी लागली. अजून पचलेली नाही.

पुढचे महिने दुरुस्तीत गेले. बाईंनी सांगितलेला सुतार आला. त्याला रोजाप्रमाणे पैसे होते, म्हणून त्याच्या चहाच्या वेळा मी मनात टिपून ठेवायचे, आणि त्यालाही ते माहीत होतं. त्यानं गरम हवेनं रंगाचे थर मऊ करून पातळ पात्यानं सोलून काढले. हिरवा, तपकिरी, काळपट लाल, पुन्हा हिरवा. ओंब्यांची सूज उतरत गेली आणि एकेक दाणा मोकळा झाला. पाटीवर जुन्या धान्यवाल्याची अक्षरं निघाली, कोरून सोनेरी वर्ख भरलेली. ती पुसायची नाहीत, असं बाई म्हणाल्या. म्हणून माझ्या दुकानाचं नाव काचेवर आलं आणि पाटीवर कुण्या अनोळखी आयरिश धान्यवाल्याचं राहिलं. लाकूड खालच्या बाजूला वीतभर खरंच कुजलेलं निघालं. तेवढं कापून नवं जोडलं. हे म्हणाले, "बघ, तू बरोबर बोलली होतीस." मी यांच्याशी दिवसभर बोलले नाही. भिंतीला सिमेंट चालणार नव्हतं. चुनाच हवा, कारण जुन्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो म्हणे. चुना महाग आणि वाळायला सावकाश. मला वाटलं बाई आणि गवंडी मिळालेले आहेत. पण ओल खरंच उतरली, तेव्हा त्यांच्यावरचा संशय मी मागे घेतला. तेवढ्यापुरता.

उजवा ब्रॅकेट नव्यानं कोरावा लागला. मी सुताराला म्हटलं, डाव्यासारखा थोडा झिजका कर, कडा बोथट कर, लोकांना कळता कामा नये. बाई म्हणाल्या, नाही. नवं काम नवं दिसलं पाहिजे, जुन्याचं सोंग आणायचं नाही. त्यांची ती रीत. मी तासभर वाद घातला, आणि आयुष्यात फार थोड्या वेळा हरले त्यातली ती एक. त्यामुळे आजही डावीकडची पेंढी हाताळून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखी आहे आणि उजवीकडची करकरीत. ख्रिसमसच्या आधी दुकान उघडलं तेव्हा पहिल्याच गिऱ्हाइकानं, इस्पितळातल्या एका नर्सनं, वर बघून विचारलं, "उजवीकडचं बदललंत का?"

म्हातारा अधूनमधून यायचा. आल्याचा चहा मसाला न्यायचा नाही, काहीच न्यायचा नाही. रस्त्यापलीकडे उभा राहून वर बघायचा.

"ग्रँड झालंय, मिसेस. मला तर उजवा जास्त आवडतो."

"त्या डावीकडच्याचा जोडीदार कुठाय?"

"कुणाचा?"

"ब्रॅकेटचा."

"ते लाकूड फार वाईट होतं," म्हणायचा, मान हलवायचा आणि जायचा. तो माझ्या दुकानासमोर उभा राहिला की माझी मापं चुकायची. किलोची डाळ सव्वा किलो जायची. तेही नुकसान मी त्याच्याच नावावर धरते.

मग दोन-तीन वर्षांनी, क्रेन अजून उभ्या असताना, तो वारला. इथं माणूस गेला की त्याला घरातच ठेवतात, दार उघडं असतं, ओळखीचे सगळे येतात, घरच्यांचा हात हातात घेतात, चहा पितात, सँडविच खातात. सलूनवालीनं मला निरोप दिला. न जाणं बरं दिसलं नसतं. मी बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला.

गाडीत हे म्हणाले, "तिथं काही बोलू नकोस."

"नाही बोलणार."

"आणि बघूही नकोस."

"मग काय डोळे मिटून जाऊ?"

समोरच्या खोलीत म्हातारा झोपल्यासारखा होता, टोपीशिवाय. मी त्याच्या बायकोचा हात धरला, जे म्हणायचं असतं ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. माझ्याशी त्या तोलाचं भांडणारा माणूस मला या देशात दुसरा भेटला नव्हता. मग मी नजर वर केली. शेकोटीच्या वर फोटो. दारावर क्रूस. कोपऱ्यात शेल्फ, त्याखाली साधे लोखंडी ब्रॅकेट. मी बाथरूम विचारलं.

मागच्या बोळात एक भलंमोठं कपाट होतं. इकडे त्याला प्रेस म्हणतात. त्याचं दार जरासं उघडं होतं. मी ते आणखी जरासं उघडलं. आत कोट, गमबूट, इस्त्रीचं टेबल. त्याच्या मागे काहीतरी घोंगडीत गुंडाळलेलं. मी हात घालून पाहिलं. शिलाई मशीन.

"बाथरूम पलीकडे आहे, मिसेस."

मागे त्याचा मुलगा उभा होता. बापासारखाच लाल गालांचा, हातात चहाची किटली.

"हो, चुकले मी."

"ते इथं नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही शोधताय ते. बाबांनी सांगून ठेवलं होतं, ती मसालेवाली बाई येईल आणि आधी प्रेसमध्ये बघेल."

माझे कान तापले. कुणाच्या मयताच्या घरी कपाट उघडताना सापडणं चांगलं नाही, हे मला कळतं. पण ज्यानं सांगून ठेवलं होतं, त्याच्याकडे ते होतं म्हणूनच सांगून ठेवलं होतं ना? नसलेल्या गोष्टीचा पत्ता कोण आधीच नाकारतं?

"मग कुठाय ते?" मी विचारलं.

"ते नाही सांगितलं. नुसते हसले."

मी त्या मुलाचा चेहरा नीट पाहिला. डोळे थेट बापाचे होते. आतल्या खोलीत कुणीतरी प्रार्थना सुरू केली. हे बोळाच्या टोकाशी येऊन मला हातानं चल म्हणून खुणावत होते.

"गोठ्याची किल्ली आता कुणाकडे असते?" मी म्हटलं.

"चहा घ्या, मिसेस," मुलगा म्हणाला, आणि त्यानं कपाटाचं दार लावून घेतलं.